खोगीरभरती

'दिवाळी अंकासाठी लेख पाठवा, या वेळी जागा भरपूर आहे,' असा संपादकांचा निरोप आला आणि मी नेहमीप्रमाणे घाबरलो. एरवी या सदराला दीड पान मिळते. दीड पानात जेवढे शहाणपण मावते तेवढे मी दर आठवड्याला मांडतो आणि वाचक ते गोड मानून घेतात. पण दिवाळीची चार पाने म्हणजे गंमत नव्हे. उरलेल्या अडीच पानांत घालायचे काय, असे मी मोठ्याने म्हणालो, तेव्हा मोदकाच्या पाकळ्या वळता वळता आमची सौ. म्हणाली, "त्यात काय? करा खोगीरभरती. रोजची सवय आहे!"

तिने टोमणा मारला, मला विषय मिळाला. कारण या एका शब्दापायी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी सबंध आठवडा त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर घोड्यांची लीद उपसण्यात घालवला, हे मी वाचकांना अजून सांगितलेले नाही.

त्याचे असे झाले. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी वाक्प्रचार शिकवत होतो. गेली वीस वर्षे शिकवतो आहे. खोगीरभरती म्हणजे निरुपयोगी गोष्टींचा भरणा, असे फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवला. तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. हरसूलकडची, अंगाने किरकोळ, वर्षभरात एकदाही न बोललेली. तिने विचारले, "सर, पण खोगिरात भरतात काय?"

"कापूस, गवत... असंच काहीतरी," मी म्हणालो.

ती खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते आणि ते तिला दिसू द्यायचे नव्हते, हे मला दिसले. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना मी मनाशी यादी करू लागलो. घोडामैदान जवळ असणे, घोडे पेंड खाणे, वरातीमागून घोडे, मांड ठोकणे, टाच मारणे, चौखूर उधळणे, तोंडात तोबरा भरणे. आपली निम्मी मराठी घोड्यावर बसलेली! आडनावे पाहा : चाबुकस्वार, पागनीस, नालबंद. आणि हे सगळे शिकवणाऱ्या माझा घोड्याशी संबंध किती? माथेरानला एकदा बसलो होतो तो दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत. दुसऱ्यांदा लग्नाच्या वरातीत. तेव्हा लगाम धरणाऱ्या पोराच्या डोक्यावर मी दोन्ही हात ठेवले होते, असे फोटोत स्पष्ट दिसते. तिसरा संबंध दूरदर्शनवरून, आषाढीच्या वारीत माउलींच्या अश्वाचे रिंगण पाहण्याचा. संपली यादी.

खरे म्हणजे यादी संपली नव्हती. तिच्यात आणखी एक घोडा होता. त्याच्याकडे मी पाहिले नाही. आमच्या घरात त्याच्याकडे न पाहण्याचीच रीत होती.

माझ्या एका शाळासोबत्याने अंजनेरीच्या पुढे, त्र्यंबक रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला सहा घोडी पाळली आहेत. सुट्टीत नाशिकची मुले तिथे शिकायला येतात. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन तिथे दाखल झालो. निघताना सौ.ने आयोडेक्सची बाटली दिली. कन्येने तेवढेही केले नाही, तिने विचारले, "बाबा, घोड्याला कल्पना दिली आहे का?"

शिकवणारे गृहस्थ जयपूरच्या ६१ कॅव्हलरीतून निवृत्त झालेले दफेदार. मूळचे साताऱ्याकडचे. संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३ मध्ये उभी राहिलेली ही पलटण. तिच्यात राजपूत आणि कायमखान्यांच्या बरोबरीने मराठे घेतात, हे मला त्यांच्याकडूनच कळले. वय साठीच्या पुढे, पाठ ताठ, बोलणे मोजके. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि हातात फावडे दिले.

"घोड्यावर कधी बसायचं?" मी विचारले.

"आधी त्याच्या घरात तरी जाऊ मास्तर. मग पाठीवर."

सोमवारचा अर्धा दिवस घोड्याच्या घरात गेला. लीद भरली, ओला पेंढा बाहेर काढला, कोरडा टाकला. मदतीला मोतद्दार होता. विशीतला पोरगा, जवळच्याच पाड्यावरचा, मुक्त विद्यापीठातून बी. ए. करणारा, आणि त्यातही मराठी घेऊन! मी प्राध्यापक आहे हे कळल्यावर तो मला 'सर' म्हणू लागला आणि फावडे कसे धरायचे तेही शिकवू लागला. माझ्या वाट्याला आलेली घोडी कुमेत रंगाची, सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून आणलेली. नाव चिमणी. वजन तीनशे साठ किलो.

पहिल्या दिवशी शिकलेल्या गोष्टी सांगतो, कारण वाचकांपैकी कुणाला उद्या घोडा भेटला तर उपयोगी पडतील. घोड्याकडे जायचे ते डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे. आपण नेमके तिथेच जाऊन उभे राहतो. कान मागे चिकटले की राग, पुढे टवकारले की कुतूहल, आणि एक पुढे, एक मागे असेल तर समजावे की घोडा समोर पाहत असला तरी त्याचे एक लक्ष आपल्यावर आहे. (आमच्या वर्गात असे कान असते तर किती सोय झाली असती.) खरारा करायचा तो मानेपासून मागे. चारही खूर उचलून आकडीने आतली माती काढायची. चंदी थोडी थोडी द्यायची, वैरण भरपूर. घोड्याचे पोट शरीराच्या मानाने लहान आणि त्याला ओकता येत नाही. त्यामुळे अजीर्ण त्याच्या जिवावर बेतते. दिवाळीचा फराळ पोटात घेऊन आलेला मी हे ऐकून जरा गंभीर झालो.

दुपारी मला पाठीवर घेण्यात आले. दफेदार मध्ये उभे, त्यांच्या हातात लांब दोर, दोराच्या टोकाला चिमणी आणि चिमणीवर मी. असे आम्ही गोल गोल फिरलो. चालत होती तोवर मजेत होतो. दूरवर ब्रह्मगिरी दिसत होता, खाचरांतले भात पिवळे पडले होते, आणि उंचावरून पाहिल्यामुळे जगाविषयी माझे मत एकंदरीत चांगले झाले होते. मग दफेदारांनी जिभेने टक्कन आवाज केला आणि चिमणी दुडक्या चालीने निघाली.

दुडकी चाल या शब्दात जो गोडवा आहे तो फक्त बघणाऱ्यासाठी आहे. बसणाऱ्याला तो प्रत्येक पावलागणिक खालून वर मिळतो. "उठा-बसा, उठा-बसा!" दफेदार ओरडत होते. घोड्याचे समोरासमोरचे नव्हे, तिरके पाय जोडीने पडतात, म्हणून या चालीला दोनच ठोके. एका ठोक्याला उठायचे, एकाला बसायचे. मी दोन्ही ठोक्यांना बसत होतो.

तेव्हा मला छंदशास्त्र आठवले. हसू नका, बुडणाऱ्याला काडीचा, मराठीच्या प्राध्यापकाला वृत्तांचा आधार. साध्या चालीला चार ठोके, दुडकीला दोन आणि दौडीला तीन, असे मोतद्दाराने सांगितले. तीन म्हणताच माझ्या मनात य गण उभा राहिला. भुजंगप्रयात! लघु, गुरू, गुरू. शाळेत आपण तो 'यमाचा यमाचा' असा घोकतो. मंगळवारी मला उठ-बस थोडी जमली. बुधवारी सकाळी फेरीच्या कडेने एक टिटवी ओरडत उठली, चिमणी बुजली आणि माझी परवानगी न घेता दुडकीतून दौडीत गेली. खरोखर तीन ठोके पडत होते. यमाचा, यमाचा, यमाचा... चौथा चरण मी जमिनीवर पुरा केला.

दफेदार धावत आले आणि आधी घोडीकडे गेले. तिचे चारही पाय हाताने चाचपून पाहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचं काय?" माझे काही नव्हते. माती मऊ होती. पण घोडीनंतर आपला नंबर, हे लक्षात आले आणि का कोण जाणे, ते योग्यच आहे असेही वाटले. त्यांनी मला लगेच पुन्हा वर बसवले. या वेळी पाय कापत होते, ते तिला कळत असणार. तिचा एक कान सारखा माझ्याकडे वळलेला होता.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी तंगड्यांना आयोडेक्स चोळत होतो आणि मोतद्दार चिमणीला खरारा करत गुणगुणत होता. त्यावरून मी त्याला ठाण्याच्या किल्ल्यातल्या मोतद्दाराची गोष्ट सांगितली. गंगाधरशास्त्र्यांच्या खुनानंतर १८१५ मध्ये त्र्यंबकजी डेंगळे इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्याला ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. फितुरी होऊ नये म्हणून. पण किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पदरी मराठा मोतद्दार होता. तो घोडा फिरवताना, खरारा करताना कैद्याच्या खिडकीखाली गाणे म्हणे. गोऱ्यांना वाटे, मोतद्दार गातो आहे. त्या गाण्यातून त्र्यंबकजीला निरोप पोचत होते : बाहेर घोडे तयार आहेत, माणसे दडून आहेत. सप्टेंबर १८१६ मध्ये तो निसटला आणि पुढे याच नाशिक-संगमनेरच्या डोंगरांत वावरला. ग्रँट डफने आपल्या इतिहासात ही हकीकत नोंदवली आहे.

पोरगा ऐकत राहिला. मग म्हणाला, "सर, त्या मोतद्दाराचं नाव काय?"

नाव इतिहासात नाही, असे मी सांगितले. तो "हं" म्हणाला आणि पुन्हा खरारा करू लागला.

आता गुरुवार. हा दिवस गाळावा असे वाटत होते, पण गाळला तर पुढचे कळणार नाही.

गुरुवारी प्रथमच मी स्वतः खोगीर चढवले. आधी पाठीवर नमदा टाकायचा, तो किंचित पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे ओढायचा, त्यावर खोगीर, मग तंग आवळायचा. मोतद्दार दुसऱ्या घोड्याचे सामान चढवत होता. तेवढ्यात मोबाइल वाजला. परीक्षेच्या कामाचा फोन. सुट्टीतही माणसाला सोडत नाहीत. एका हाताने मोबाइल कानाशी धरून दुसऱ्या हाताने मी तंग ओढला. "झालं का सर?" त्याने विचारले. "झालं," मी म्हणालो. आम्ही दोघे पेगलवाडीच्या बाजूला, ब्रह्मगिरीच्या पायथ्याने दीड तास हिंडून आलो. चिमणी मधून मधून शेपटी झटकत होती, मान खाली घालत होती. मी तिला गोमाशा चावत असाव्यात असे समजलो. सकाळ इतकी सुरेख होती, की दुसरे काही समजायला मी तयार नव्हतो.

परत येऊन खोगीर उतरवले. मोतद्दाराने पाठीवर हात ठेवला आणि चिमणी एकदम आक्रसली. नमद्याला एक घडी पडली होती, बोटाएवढी. त्या घडीखाली वीतभर पट्टा सुजला होता आणि एका जागी रुपयाएवढी कातडी सोलली होती.

दफेदार आले. त्यांनी पाहिले. मला वाटले आता बोलतील. ते बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी मिठाच्या पाण्याने जखम धुतली, मलम लावले आणि "आठ दिवस पाठीवर काही नाही," एवढे मोतद्दाराला सांगितले. संध्याकाळी जेवताना मात्र, माझ्याकडे न पाहता, म्हणाले, "माणसाच्या पायताणात खडा गेला तर माणूस थांबतो. ह्यांनी कुणाला सांगावं?"

शेपटी झटकून, मान घालून तिने दीड तास सांगितले होते. वीस वर्षे भाषा शिकवणारा मी तिच्यावर बसलेला होतो.

माझी घोडेस्वारी तिथे संपली. दुसरा घोडा देतो असे मित्र म्हणाला, पण मी नको म्हटले. जुन्या घोडदळात शिलेदार आणि बारगीर असा भेद असे. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराला तो सरकारातून किंवा सरदाराच्या पागेतून मिळायचा. भीमेच्या थडीची जी तट्टे मराठ्यांना दूरवर घेऊन गेली, त्यांच्या पाठीवर दोन्ही जातींचे लोक होते. (त्या भीमथडी घोड्याची अलीकडे राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ही चांगली बातमी.) दुसऱ्याच्या घोड्याची पाठ सोलून आणणाऱ्या बारगिराला पागेत काय ऐकून घ्यावे लागत असेल, याची कल्पना मी त्या रात्री पुष्कळ वेळ करत होतो.

शुक्रवारी मला मोतद्दाराच्या हाताखाली बसवले. पागेच्या कोपऱ्यात एक जुने देशी खोगीर पडले होते. जाड, बेढब, तेलकट झालेले. दफेदारांना ते दुरुस्त करायचे होते. पोराने दाभणाने त्याची शिवण उसवली आणि आतले बाहेर काढून माझ्यापुढे टाकले.

वाचकहो, खोगिरात काय भरतात ते आता मी सांगू शकतो. बकऱ्याचे केस होते. घोंगडीचे तुकडे होते. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, काथ्या, आणि कुणाच्या तरी बंडीचा बटणासकट राहिलेला एक काठ. सगळे घामाने दाबून दगडासारखे गोळे झालेले.

"म्हणजे निरुपयोगी वस्तूच की," मी जरा समाधानाने म्हणालो.

"परीक्षेत तसंच लिहितो मी पण," पोरगा म्हणाला. "पण सर, खोगिराचं लाकूड आणि कातडं बसणाऱ्यासाठी असतं. घोड्याच्या पाठीला लागते ती ही भरतीच. ती नीट नसली तर..." तो थांबला. चिमणी आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि तिच्या पाठीवर मलमाचा पांढरा डाग दिसत होता.

आम्ही दिवसभर ते गोळे पिंजत बसलो. बोटांनी एकेक धागा सुटा करायचा. निकामी झालेले बाजूला, बाकीचे उन्हात. काही नवी लोकर घातली. विलायती खोगिरातही आत लोकरच असते, असे दफेदार म्हणाले, फक्त ते लोक तिला शिवी देत नाहीत. संध्याकाळी शिवण घातल्यावर पोराने ते खोगीर उलटे मांडीवर घेतले, डोळे मिटले आणि उघडा तळवा त्यावरून अगदी सावकाश फिरवत नेला. कुठे गाठ लागते का, कुठे खळगा आहे का. एका जागी थांबला, मागे आला, दाबून पाहिले, पुन्हा निघाला.

हा हात मी पाहिला होता.

आमचे आजोबा मी दहा वर्षांचा असताना गेले. शेवटची काही वर्षे ते आमच्याकडे नाशिकला होते. फारसे बोलत नसत. रात्री आम्हां भावंडांची अंथरुणे आई घालायची. ती घालून झाली की आजोबा येऊन खाली बसायचे, डोळे मिटायचे आणि प्रत्येक चादरीवरून असा तळवा फिरवायचे. कुठे चुणी लागली की गादी उचलून चादर पुन्हा ताणायचे. आम्हांला झोप आलेली असे आणि हा विधी संपेपर्यंत उभे राहावे लागे. मी एकदा चिडून म्हणालो होतो, "आजोबा, राहू दे ना, एवढ्याशानं काय होतं?" तेव्हा म्हणाले होते, "चुणी पाठीला लागते रे." आम्हांला वाटे, म्हातारपणाचा चाळा.

आजोबा टांगा चालवायचे. नाशिकरोड स्टेशनावरून गावात, आणि यात्रेच्या दिवसांत थेट त्र्यंबकपर्यंत. मला हे माहीत होते. घरात कधी कुणी सांगितले नव्हते, तरी माहीत होते. माळ्यावर टांग्याचा एक पितळी दिवा होता आणि तो कशाचा, असे आम्ही विचारत नसू. वडील सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाला कधी डाग पडला नाही. मी कॉलेजात असताना कुणी विचारले तर सांगायचो, आजोबा वाहतुकीच्या व्यवसायात होते. आणि भोसला मिलिटरी स्कूलची मुले घोड्यांवरून जाताना दिसली, की मी कुंपणाशी उभा राहून पाहत असे. ते घोडे मला फार आवडत. घोडा कुणाच्या हातात आहे त्यावर ते अवलंबून असते.

नाशिकला तसे घोड्यांचे दिवस मोठे होते. १८८९ मध्ये स्टेशनापासून गावापर्यंत ट्राम झाली तीही आधी घोडेच ओढत होते. १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती बंद पडली, टांगे मात्र राहिले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि पुढच्या वीस वर्षांत ती गावोगाव पोचली. मग रिक्षा आल्या. आजोबांचा टांगा केव्हा आणि कसा थांबला, हे मला शुक्रवारपर्यंत ठाऊक नव्हते.

त्या रात्री मी वडिलांना फोन केला. घोडीच्या पाठीची हकीकत सांगितली. मग विचारले, "बाबा, आजोबांच्या घोड्याचं नाव काय होतं?"

पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटले फोन कटला.

"त्याचं आता काय?" ते म्हणाले. मग, "जखमेवर माशी बसू देऊ नका." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी सौ., कन्या आणि वडील रिक्षातून उतरले. वडिलांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. त्र्यंबकला दर्शन घेऊन जाता जाता दहा मिनिटे डोकावतो, असे त्यांनी घरी सांगितले होते म्हणे. आधी त्र्यंबकला न जाता ते आधी इकडेच आले होते. पागेच्या दारात ते उभे राहिले. आत यायला तयार नव्हते. नाकावर रुमाल धरतील असे मला वाटले. त्यांनी धरला नाही. ते वास घेत होते.

चिमणीकडे गेले ते बरोबर डाव्या खांद्याच्या बाजूने, तोंडाने बारीकसा आवाज करत. त्यांना असा आवाज काढता येतो हे मला पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हते. जखम पाहिली, मलमाला वास घेऊन पाहिला, दफेदारांना "हळद घालता का?" असे विचारले. दफेदार "घालतो" म्हणाले.

कन्येला बसायचे होते. तिच्यासाठी बगळ्या नावाचा म्हातारा पांढरा घोडा काढला. मोतद्दाराने नमदा टाकला, खोगीर चढवले, तंग अर्धा आवळला. वडील पुढे झाले. एक शब्द न बोलता त्यांनी शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली आणि उघडा तळवा खोगिराखाली घातला. डोळे मिटले. हात सावकाश मागे गेला, एका जागी थांबला.

"काढून पुन्हा घाला," ते म्हणाले.

मोतद्दार गडबडला. गेल्या सहा दिवसांत त्याची चूक काढणारा कुणी मी पाहिला नव्हता. त्याने खोगीर उतरवले. नमद्याच्या काठाशी गवताची एक काडी निघाली, दोन पेरांची.

दफेदारांनी ती काडी पाहिली, वडिलांकडे पाहिले. "बाबा, तुम्ही कुठं होतात? कुठल्या पलटणीत?"

वडिलांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग सौ.कडे. बाही तशीच वर होती आणि शर्टाला घोड्याचे पांढरे केस लागले होते.

"टांगा होता आमचा," ते म्हणाले. "नाशिकरोड स्टेशनावर. सकाळी गंगेवर नेऊन त्याला धुवायचं काम माझं. पाण्याला फार लाजायचा. अडुसष्ट साली गेला, मग वडिलांनी दुसरा घेतला नाही."

"आपला टांगा?" कन्येने विचारले.

"आपला. राजा नाव होतं त्याचं. तू डावीकडून ये, अशी. आणि त्याच्याशी बोल काहीतरी."

ती वर बसली. मोतद्दार लगाम धरायला पुढे आला, पण वडिलांनी तो आधीच धरला होता. चिखलातून आणि लिदीतून, कचेरीत जात तशाच काळ्या बुटांनी, त्यांनी बगळ्याला फेरीवर नेले. सौ. मला म्हणाली, "अहो, त्यांचे गुडघे दुखतात, तुम्ही धरा ना." मी चार पावले गेलो. वडिलांनी मान हलवली आणि दुसरी फेरी सुरू केली.